कपाटातली सात मिनिटं

१

पेटी तीच होती, पेटीवरचं लेबल त्याच्याच हस्ताक्षरातलं होतं, पण पडद्यावर बायको आली नाही. आला तो नुसता निळा रंग.

पेन्सिलने कॅसेट बाहेर काढली, फुंकर मारली, प्लेअरमध्ये पुन्हा सरकवली आणि दोन पावलं मागे जाऊन उभा राहिला. पडदा निळाच राहिला. मागे खुर्च्यांवर बसलेल्या सहा-सात जणांनी एकमेकांकडे पाहिलं. दर रविवारी साडेतीनला मंडळ उघडायचं ते याच कॅसेटने, आणि अकरा वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं.

पेन्सिल हे काही त्याचं कागदोपत्री नाव नव्हे. बहिऱ्यांच्या मंडळात कागदावरची नावं वापरतो कोण? तिथे प्रत्येकाची एक नाव-खूण असते आणि ती इतर मंडळी ठरवतात. स्वतः निवडायची सोय नाही, त्यामुळे एक सज्जन गृहस्थ जन्मभर ‘ढेकर’ म्हणून वावरले. याने चाळीस वर्षं छापखान्यात प्रूफं तपासली, तीही कानामागे पेन्सिल खोचून, म्हणून कानामागून बोट फिरवलं की तो. आपल्या कानांचा एवढाच काय तो उपयोग झाला, असं तो स्वतःच सांगायचा.

कॅसेटमध्ये त्याची बायको होती. सव्वीस वर्षांपूर्वीच्या मेळाव्यात तिने उभं राहून एक गोष्ट सांगितली होती, सात मिनिटांची. ती जाऊन आता अकरा वर्षं झाली होती. घरात फोटो ढिगाने होते, पण फोटोतली बाई गप्प असते. तिचे हात बोलताना पाहायचे तर जगात ही एकच जागा उरली होती. रविवारची वाट तो सोमवारपासून पाहायचा आणि ते लपवायचाही नाही.

त्याने चष्मा कपाळावर चढवला आणि कॅसेट प्रूफासारखी डोळ्यांजवळ धरली. मूळ कॅसेटच्या डाव्या कोपऱ्याचा टवका उडालेला होता. हिचे चारही कोपरे धड होते.

त्याने पायाने जमिनीवर दोनदा धप्प केलं. लाकडी जमीन हादरली आणि सगळे चेहरे त्याच्याकडे वळले.

“खराब झालेली नाही,” त्याने हातांनी सांगितलं. “बदलली आहे. कोणीतरी नेली.”

२

कधी नेली हे ठरवायला वेळ लागला नाही. गेल्या रविवारी कॅसेट त्याने स्वतः पाहिली होती आणि चारच्या सुमाराला स्वतःच आतल्या खोलीतल्या लोखंडी कपाटात ठेवली होती. कपाटाची किल्ली तिथेच खिळ्याला असते. सातला मंडळाला कुलूप त्यानेच लावलं आणि त्या कुलपाची एकुलती एक किल्ली आठवडाभर त्याच्या खिशात होती. म्हणजे जे काय झालं ते चार ते सातच्या मध्ये, एकोणीस माणसांच्या देखत. आणि माणसं तरी कसली, तर जन्मभर डोळ्यांनीच ऐकणारी. मंडळ नेहमी गोल करून बसतं, कारण प्रत्येकाला प्रत्येकाचे हात दिसायला हवेत. त्या गोलात कोणी नाक पुसलं तरी बाकीच्यांना कळतं.

तो कपाट पाहायला आत गेला. आतली खोली म्हणजे एक ओटा, चहाची शेगडी, पाण्याचं पिंप आणि ते कपाट. दार उघडताना बिजागरीवरचा तेलाचा ओघळ त्याच्या बाहीला लागला. इतकं कामसू माणूस मंडळात कधीपासून आलं, असं त्याच्या मनात येऊन गेलं आणि तो कॅसेटी मोजायला लागला. बाकीच्या तेरा जागच्या जागी होत्या.

मग त्याने कागद घेऊन गेल्या रविवारी आत कोण कोण गेलं ते आठवून लिहिलं. वेणी, खडू आणायला. शिंपी, पाणी प्यायला. यादी तिथेच संपली.

वेणी बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिकवायची. पंचविशीची पोर, बोलायला लागली की हातांबरोबर तिची लांब वेणीही हलायची. शाळेतल्या मुलांना दाखवायला म्हणून तिने ही कॅसेट त्याच्याकडे तीनदा मागितली होती आणि तिन्ही वेळा त्याने साफ नाही म्हटलं होतं. संशय कोणावर जाणार हे उघडच होतं.

“तू नेलीस?” त्याने भर गोलात विचारलं. विचारलं कसलं, आरोपच केला.

“मी मागितली होती,” वेणी म्हणाली. “चोरायची असती तर मागितली कशाला असती? आणि काका, पहिल्यांदा मागितली तेव्हाच दिली असतीत, तर आज तिच्या दहा कॉप्या असत्या. तुम्हाला ती जपायची नव्हती. तुम्हाला ती फक्त स्वतःजवळ ठेवायची होती.”

ती उठली आणि निघाली. बहिऱ्यांच्या मंडळात निरोपाला अर्धा तास लागतो. आधी दारात, मग जिन्यात, मग खाली रस्त्यावर दिव्याच्या उजेडात, कारण भेट एकदा संपली की बोलणं पुढच्या रविवारपर्यंत बंद. वेणी कोणाचाच निरोप न घेता गेली. गोलातल्या सगळ्यांनी माना खाली घातल्या.

सातनंतर मुलगी त्याला घरी घेऊन आली. मुलीला ऐकू येतं. दर रविवारी ती मंडळात येते, गोलाच्या बाहेर आतल्या दाराजवळच्या खुर्चीत बसते आणि त्याला घेऊन परत निघते. घरी आल्यावर तिने त्याचा शर्ट मागून घेतला, बाहीवरचा डाग पाहिला आणि काहीही न विचारता तो साबणाच्या पाण्यात बुडवला. एरवी एवढ्याशा डागाचीही तिने कागदावर चौकशी केली असती.

३

सोमवारी त्याने मंडळ उघडलं, बिजागरी कागदाने पुसली आणि तो तेलकट कागद घेऊन शिंप्याचं दुकान गाठलं. शिंपी त्याचा शाळेपासूनचा सोबती, तोही बहिरा. त्याने कागद नाकाशी धरला.

“मशीनचं तेल,” तो म्हणाला. “म्हणून आलास होय माझ्याकडे? अरे, जगात मी एकटाच मशीन चालवतो का? तुझ्या घरात नाही का तुझ्या बायकोचं शिवणयंत्र?”

“विषय बदलू नकोस. तू आत गेला होतास.”

“तहान लागली होती. खरं सांगू का? मला त्या गोष्टीचा कंटाळा आलाय. तुझी बायको म्हणून बघतो. पण कंटाळा आला म्हणून माणूस चोरी करत नाही, उशिरा येतो.” आणि शिंपी खरंच गेली दोन वर्षं चारनंतर येत होता.

पेन्सिल तिथून निघाला तो थेट चिटणिसाच्या कचेरीत. चिटणीस ऐकणारा, पण आईबाप दोघं बहिरे. या मुलाला आपल्याजवळ ठेवू नका, बोलायला शिकणार नाही, असं त्यांनाही सगळ्यांनी बजावलं होतं. त्यांनी कोणाचं ऐकलं नाही, आणि पोरगा तोंडाने आणि हातांनी सारखाच पटाईत निघाला. मंडळाचे फोन, अर्ज, दवाखाने सगळं तोच सांभाळायचा. जुन्या कॅसेटी टाकून द्या, कपाट अडलंय, अशी त्याची वर्षभर भुणभुण चालली होती.

पेन्सिलने त्याला यादी दाखवली आणि तेलाचं सांगितलं. चिटणीस हसला. “कोणी का घातलं असेना, त्याचं भलं होवो. ते कपाट काय किंचाळायचं.”

“किंचाळायचं?”

“दार उघडलं की अंगावर काटा यायचा. तुम्हाला कोणी कधी सांगितलं नाही?”

कोणी सांगितलं नव्हतं. तीस वर्षं तो ते दार उघडत होता. हाताला ते कधी जड लागलं नव्हतं, अडकलं नव्हतं, जमिनीतून पायाला काही जाणवलं नव्हतं. मंडळातल्या कुठल्याही बहिऱ्याला विचारलं असतं तर त्याने हेच सांगितलं असतं, दार छान आहे. मग छान दाराला तेल घालायला जाईल कोण? ज्याला ते किंचाळताना ऐकू येतं तोच. वेणी नाही, शिंपी नाही.

पेन्सिलने चिटणिसाकडे रोखून पाहिलं. त्या नजरेचा अर्थ चिटणिसाला बरोबर कळला, पण तो रागावला नाही.

“मी नेली असती तर तेलाचा अर्थ तुम्हाला मीच समजावून सांगितला असता का?” तो म्हणाला. “आणि गेल्या रविवारी मी काय करत होतो, आठवा. आपल्या मंडळातल्या आजोबांची बहीण दवाखान्यात. साडेचारला आल्यापासून साडेसहाला निघेपर्यंत फोन कान आणि खांद्यात धरून मी डॉक्टरांचं बोलणं आजोबांना हातांनी सांगत होतो. माझे दोन्ही हात पूर्ण वेळ तुमच्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होते. पुढ्यातला चहा गार झाला, तो उचलायलाही हात मोकळा नव्हता.”

ते खरं होतं. सगळ्यांनीच पाहिलं होतं.

“ते तेल माझ्यासाठी होतं, काका. दार वाजलं असतं तर एकट्या मलाच कळलं असतं.” त्याने पेन्सिलच्या खिशाकडे बोट केलं. “तुमच्या यादीत अजून एक नाव हवं. ते मी सांगणार नाही.”

पेन्सिलने खिशातून यादी काढली. खडू. पाणी. आणि मग त्याला दिसलं काय राहिलं ते. चहा.

४

चहा पाच वाजता आला होता आणि चहा काही आपल्या पायांनी येत नाही. दर रविवारी तो मुलगी करायची, कप गोलात फिरवायची आणि परत आपल्या खुर्चीत जाऊन बसायची. यादी करताना तिचं नाव त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. छापखान्यात तो नवशिक्यांना सांगायचा, चूक शोधायची तर शंभरदा वाचलेल्या ओळीत शोधा, कारण तिथे डोळा न वाचताच पुढे सरकतो.

घरी जाताना त्याने तिच्या बाजूने वाटेल ती कारणं शोधून पाहिली. एकही टिकलं नाही.

ती चार वर्षांची असताना घरातल्या थोरल्यांनी ठरवलं की बहिऱ्यांच्या घरात ही मुलगी मुकीच राहील. डॉक्टरांनीही मान डोलावली. तिला मावशीकडे धाडलं. बोलायला शिकली, अगदी फर्डं बोलायला लागली, आणि सोळाव्या वर्षी परत आली ती पाहुणी होऊन. हातांची भाषा कुठेतरी वाटेत सांडून गेली होती. आता ती अडतीस वर्षांची होती. जेवण, औषध, चल, उशीर झाला, एवढ्या खुणांवर बापलेकींचं भागत होतं. बाकी सगळं कागदावर.

दुपारी ती कामावरून, औषधांच्या दुकानातून, जेवायला घरी आली. त्याने पान वाढून ठेवलं होतं आणि पानाशेजारी कागद. कागदावर लिहिलं होतं, “कॅसेट कुठे आहे?”

तिने आढेवेढे घेतले नाहीत. आईच्या शिवणयंत्राचा खण उघडून पिशवी काढली आणि टेबलावर रिकामी केली. टवका उडालेली कॅसेट आणि चुरगळलेल्या फितीचा गुंता.

त्याने एका जागी फीत बोटांनी सरळ करून पाहिली, पण ती मध्येच तुटलेली होती.

ती भराभर लिहीत गेली. आठवड्यापुरतीच नेली होती. व्हिडिओच्या दुकानात कॉपी करून रविवारी गुपचूप परत ठेवणार होते. पेटी हलकी लागू नये म्हणून कोरी कॅसेट घातली. दुकानदाराच्या मशीनने फीत खाल्ली. कॉपी आधी झाली होती, ती आहे. पण. आणि त्या ‘पण’वर ती थांबली.

“माझ्याकडे मागितली का नाहीस?” त्याने लिहिलं.

बराच वेळ तिने लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. “काय सांगून मागू? माझ्या आईची गोष्ट मला समजत नाही, हे? गोष्ट माझी आहे एवढं कळतं. मुलगी, हे कळतं. पाठवली, हे कळतं. आणि लोक हसत असतात. मला पाठवून दिलं यात हसण्यासारखं काय होतं, बाबा?”

ती ओळ त्याने तीनदा वाचली. हशा पिकला की ती उठून आत कप विसळायला जायची, हे त्याने अकरा वर्षं पाहिलं होतं. मुलगी मोठी कामाची आहे, असं त्याला वाटायचं. गोष्ट तिला कळते, हे तर त्याने धरूनच ठेवलं होतं. विचारलं एकदाही नव्हतं.

“कॉपी दाखव,” त्याने खूण केली.

तिने कॉम्प्युटर उघडला. बायकोचा चेहरा आला, कपाळापासून हनुवटीपर्यंत, पडदाभर. हात नव्हते.

दुकानदाराने भलेपणानेच केलं होतं. तिने त्याचं बोलणं लिहून दाखवलं, “बाई लांब दिसत होत्या, म्हणून जवळ घेतल्या. आवाज उडाला होता, म्हणून मागे छान बासरी टाकून दिली.” बोलणाऱ्या माणसाचं तोंड दिसलं की सगळं आलं, अशी त्या ऐकणाऱ्या माणसाची समजूत. त्याने सात मिनिटांतला शब्द न् शब्द कापून टाकला होता.

५

त्याला रडू आलं आणि त्याने ते आवरलं नाही. मुलगी भिंतीला टेकून उभी होती, शिक्षेला उभी राहावी तशी.

पडद्यावर बायकोची डावी भुवई वर गेली. ती भुवई वर गेली की मांजर येतं, हे त्याला ठाऊक होतं. त्याचे हात आपोआप उठले आणि त्यांनी मांजर केलं. तो आपल्याच हातांकडे बघत राहिला.

त्याने कॉम्प्युटर फडताळावर खांद्याच्या उंचीला ठेवला, गोष्ट पहिल्यापासून लावली आणि पडद्याला चिकटून उभा राहिला. मुलगी पुढे झाली आणि एक बटण दाबत राहिली. पडद्यावरच्या आवाजाच्या रेघा एकेक करत शून्यावर आल्या.

“बासरी,” तिने कागदावर लिहिलं. “नको.”

चेहरा आईचा, हात बाबांचे, अशी गोष्ट सुरू झाली. तो सावकाश सांगत होता, तिला कळेल अशा साध्या खुणांनी, अडेल तिथे तोंडाने शब्दांचा आकार करून. पहिलीच ओळ होती, आम्ही पाठवून दिलेल्या मुलीची ही गोष्ट. घरात तान्ही पोर आणि आईबाप दोघं ठार बहिरे. रात्री रडली तर कळणार कसं? म्हणून आईने एक नाडी घेतली, एक टोक बाळाच्या पायाला, दुसरं आपल्या मनगटाला. पहिल्या रात्री मांजर नाडीशी खेळलं आणि आई सात वेळा उठली. दुसऱ्या रात्री अंधारात तिने नाडी चुकून नवऱ्याच्या अंगठ्याला बांधली आणि तासभर नवऱ्यालाच थोपटत बसली.

मुलगी हसली. हसता हसता तिने हात वर करून त्याला थांबवलं. दोन बोटांनी आपलं मनगट पकडून तिने अलगद ओढलं. ही खूण गोष्टीत सारखी येत होती. “हे कोण?” तिने विचारलं.

त्याने तिच्याकडे बोट केलं.

तिला कळलं नाही. त्याने पुन्हा मनगट ओढलं, पुन्हा तिच्याकडे बोट केलं. “तू. आईने ठेवलेलं. तुझं नाव.”

ती खाली बसली. त्याने गोष्ट थांबवली नाही, कारण पुढचा भाग तिने कधी पाहिलाच नव्हता, आणि त्या भागात मंडळात आजवर कोणी हसलं नव्हतं.

“मग ती गेली,” हातांनी सांगितलं. पडद्यावरचा चेहरा आता हलत नव्हता. “आवाज आणायला गेली. सगळे म्हणाले, पाठव, तर पाठवली. नाडी मी सोडली नाही, आठ वर्षं झाली. रात्री जाग येते, वाटतं ओढली. बघते तर काही नाही. आवाज मिळाला की येईल परत. मला तो ऐकू येणार नाही, पण ती ओढेल ते मला कळेल.”

पडदा काळा झाला. मुलीने एक बोट गोल फिरवलं. पुन्हा. त्या दुपारी ती कामावर परत गेली नाही, आणि त्याने गोष्ट चार वेळा सांगितली.

रविवारी मंडळ पूर्ण भरलं होतं. चोर सापडला, एवढा निरोप त्याने सगळ्यांना धाडला होता. वेणीही आली होती, शिंपी चक्क साडेतीनला आला होता. पेन्सिलने आधी वेणीची माफी मागितली, गोलात, सगळ्यांना दिसेल अशी. तिने ती लगेच दिली नाही. बघू, म्हणाली.

मग त्याने कॅसेट कशी गेली आणि तिचं काय झालं ते सगळं सांगितलं. तेलाचं, चहाचं, दुकानदाराचं. गोलात राग होता, आणि तो त्याला दिसत होता. “नाव सांग,” शिंप्याने हात झटकले.

पेन्सिलने दोन बोटांनी आपलं मनगट पकडलं आणि ओढलं. मग गोलाबाहेर, दाराजवळच्या खुर्चीकडे बोट केलं.

जुन्या माणसांना ती खूण गोष्टीतून ठाऊक होती. पण ती समोर बसलेल्या, चहा देणाऱ्या बाईची आहे, हे त्यांच्याही कधी ध्यानात आलं नव्हतं. मंडळात नवीन माणसाची नाव-खूण सांगितली की प्रत्येकाने ती एकदा आपल्या हातांनी करायची असते, म्हणजे विसरत नाही. आधी चिटणिसाने केली. मग आजोबांनी. मग एकामागून एक सगळ्यांनी. वेणीने केली. शिंपी तेवढा हाताची घडी घालून बसला होता, त्याला वेळ लागणार होता.

मुलगी बघत होती. इतक्या जणांच्या हातांवर तिचं नाव होतं, आणि ज्या हातांनी ते ठेवलं होतं ते त्यांत नव्हते. ती उठली, खुर्ची उचलली आणि वेणीच्या शेजारी गोलात नेऊन ठेवली.